कांद्याचा भाव कोणत्या विषयात येतो?

मुलांना सोबत घेऊन बाजारहाट केला की ती व्यवहार आपोआप शिकतात, असं आपण गृहीत धरतो. ते अर्धंच खरं आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्रीचं काम करणाऱ्या हजाराहून अधिक मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक म्हणून कुणी अडनिडं वजन मागितलं, तरी ही मुलं तोंडी हिशेब करून बिनचूक सुटे पैसे परत देत. तसलीच आकडेमोड पुस्तकी पद्धतीनं कागदावर आली की मात्र बहुतेकांचं अडायचं. आणि यातली बरीचशी मुलं शाळेतही जात होती. उलट, बाजारात काम न करणारी शाळकरी मुलं कागदावरची गणितं बरी सोडवत, पण व्यवहारातला हिशेब समोर आला की गडबडत. म्हणजे नुसत्या बाजारानं वही सुधारत नाही आणि नुसत्या वहीनं बाजार कळत नाही. दोन्हींची सांगड कुणीतरी मुद्दाम घालून द्यावी लागते, आणि ते काम आज ना घर करतं ना शाळा.

ही सांगड कशी घालता येईल, ते एका कांद्यावरून पाहू. लासलगावच्या बाजारातला कांद्याचा भाव वर्तमानपत्रात क्विंटलमागे छापला जातो, आठवडी बाजारातला विक्रेता किलोचा भाव सांगतो. क्विंटलला अठराशे असेल तर किलोला अठरा. मग पाटीवर तीस का? हा प्रश्न सहावीतल्या मुलाला पडला की शेकडेवारी आपसूक सुरू होते, पण ती तिथंच थांबत नाही. मधल्या बारा रुपयांत हमाली, तोलाई, वाहतूक, व्यापाऱ्याचा नफा आणि नासका माल असं सगळं असतं. माल नासतो कशामुळे, याचं उत्तर विज्ञानात आहे. काढणीनंतरही कांदा जिवंत असतो, श्वसन करतो, त्यातलं पाणी उडतं, वजन घटतं, दमट हवेत तो सडतो किंवा त्याला कोंब फुटतात. म्हणून तर कांद्याची चाळ जमिनीपासून उंच आणि चहूबाजूंनी हवा खेळेल अशी बांधतात. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा संपत येतो आणि नवा लाल कांदा पुरेसा आलेला नसतो, त्या दिवसांत भाव का चढतो, हे ऋतुचक्रावरून समजतं आणि तो भूगोल झाला. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्ये उठवली, तेव्हा नाशिकचा शेतकरी आणि शहरातला ग्राहक यांची मतं वेगळी का होती, हे नागरिकशास्त्र. मिरची घ्यायला पुढच्या पाटीपाशी गेलं, तर ती अमेरिका खंडातून पोर्तुगिजांमार्फत आपल्याकडे आली, हा इतिहासही हाताशी आहे. १९५७ मध्ये दशमान नाणी येण्याआधी रुपयाचे सोळा आणे कसे मोजत, हे आजीला विचारावं.

ही कल्पना नवी नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून नई तालीम पुढे आली, तिच्या मुळाशी समवाय, म्हणजे हातातल्या कामाशी सगळे विषय जोडणं, हेच तत्त्व होतं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं शाळेतलं ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडायला सांगितलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस आहेत. हे दिवस एका सहलीत उरकून टाकण्यापेक्षा गावच्या बाजारात वाटून घालवलेले बरे, असं माझं स्पष्ट मत आहे. सहल वर्षातून एकदा जाते, बाजार दर आठवड्याला भरतो, आणि आठवड्यागणिक भाव टिपून ठेवले तरच आलेख काढण्यात काही अर्थ असतो.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम पुरा करायचा कधी? अडचण खरी आहे. पण शेकडेवारीचं उदाहरण पुस्तकातल्या काल्पनिक दुकानदाराऐवजी कालच्या बाजारातून घेतलं, तर तासिका वाढत नाही, फक्त उदाहरण बदलतं. प्रत्येक ठिकाणी शिकवणी लावली तर मुलांची मजा जाईल, हा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. म्हणून एका फेरीला एकच प्रश्न, तोही शक्यतो मुलानंच काढलेला. भेळ खाताना प्रश्न नकोत. रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापांना वेळ कुठला, असंही विचारलं जाईल. त्यांची मुलं तर बाजारात आधीपासूनच आहेत. पाटीमागं बसून हिशेब करणारी मुलगी वर्गात ‘गणितात कच्ची’ ठरते, हा तिचा नव्हे, आपल्या शिकवण्याचा दोष आहे. तिची तोंडी रीत फळ्यावर मांडून घेतली, तर बाकीच्या वर्गालाही ती शिकता येईल. शहरात घासाघीस उरली नसेल, तरी पाकिटावर वजन, किंमत आणि तारीख छापलेली असते. लहान पाकीट दर शंभर ग्रॅमला कितीला पडतं, एवढं काढलं तरी पुष्कळ झालं.

पालकांनो, येत्या बाजाराच्या दिवशी मुलाच्या हाती पिशवीबरोबर पैसेही द्या आणि हिशेब त्यालाच करू द्या. आणि गुरुजी, बाई, दुसऱ्या दिवशी वर्गात पहिला प्रश्न विचारा: काल कांदा काय भावानं मिळाला?