पिवळे स्लीपर आणि फसणारे डोळे

विठ्ठलवाडी स्टेशनच्या एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. लग्नसराई सुरू झाली की उल्हासनगरच्या कापडबाजाराकडे निघालेल्या रिक्षांत मांडीवर साडीची पिशवी सांभाळणाऱ्या बायका हमखास दिसतात. मॅचिंग सेंटरमध्ये अस्तर, फॉल आणि ब्लाउजपीस लावून बघण्यात तासन् तास जातात. साडी चिंतामणी रंगाची, काठ डाळिंबी. काउंटरवर अगदी जुळलेला ब्लाउजपीस दाराशी नेला की निराळा वाटतो. काठाशेजारी धरला तर एक छटा, पदरावर ठेवला तर दुसरी. म्हणून मुरलेला दुकानदार कापड नुसतं ताग्यावर दाखवत नाही. ते साडीवर अंथरतो आणि वर सांगतो, “ताई, बाहेर उजेडात बघून या.”

रंग ठरतो तो कापडावर पडणाऱ्या उजेडावरून आणि शेजारी काय आहे त्यावरून, हे त्याला अनुभवानं कळलेलं असतं.

शेजाराचा हा नियम पहिल्यांदा नीट मांडला गेला तोही कापडाच्याच धंद्यात. 1824 मध्ये मिशेल युजीन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. भिंतीवर टांगायची चित्रवस्त्रं विणण्यासाठी हा कारखाना नावाजलेला होता. तिथे तक्रार होती की काळी लोकर चांगली रंगत नाही. निळ्या-जांभळ्या कापडाच्या चुण्या दाखवताना ती मळकट दिसते. शेव्रल यांनी ती लोकर दुसरीकडच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंग पक्का होता, दोष शेजाराचा होता. निळ्याला खेटून बसलेल्या काळ्यावर नारिंगीकडे झुकणारी झाक येते आणि तो उतरल्यासारखा वाटतो. या निरीक्षणातून उभा राहिलेला त्यांचा ग्रंथ 1839 मध्ये आला आणि पुढे युरोपातल्या चित्रकारांनी त्याचा अभ्यास केला.

आपल्याकडे सराफ दागिना गुलाबी कागदात गुंडाळून देतो, त्यामागेही शेजाराचाच विचार असावा. ऑपरेशन थिएटरमधले हिरवे-निळे कपडेही याच कुळातले. रक्ताच्या लाल रंगाकडे बराच वेळ पाहिल्यावर नजर पांढऱ्यावर गेली, तर तिथे हिरवट डाग तरंगू लागतात. हिरव्या कपड्यावर ते विरून जातात आणि सर्जनची नजर स्वच्छ राहते.

डोळा मोजमाप करत नाही, तो तुलना करतो. रंगाच्या बाबतीत हे खरं आहे, तसंच आकाराच्या, अंतराच्या आणि वेगाच्या बाबतीतही. कापडाच्या दुकानात या सवयीची किंमत फार तर एका ब्लाउजपीसाएवढी. रुळांवर ती जिवाएवढी होते.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर रूळ ओलांडताना दरवर्षी हजाराच्या आसपास माणसं मरतात. कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडीवरून कर्जतकडे लोकल जातात, तशा पुण्याच्या डेक्कन क्वीन आणि इंद्रायणीसारख्या गाड्याही इथे न थांबता जातात. मृत्यूची बातमी आली की ‘घाई नडली’, ‘शिस्त नाही’, ‘पूल असताना रुळांतून कशाला जायचं’ असंच बोललं जातं. या बोलण्यात तथ्य आहे, पण ते अर्धं आहे. रुळात पाऊल टाकणाऱ्याने बहुतेक वेळा गाडी पाहिलेली असते. ती पोचायच्या आत आपण पलीकडे जाऊ, असा हिशेब त्याने केलेला असतो. चूक त्या हिशेबात असते, आणि हिशेब चुकवतो डोळा.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्शेल लिबोविट्झ यांनी 1985 मध्ये लेव्हल क्रॉसिंगवरच्या अपघातांविषयी लिहिताना हेच मांडलं. वस्तू जितकी मोठी, तितकी ती सावकाश चालल्यासारखी भासते. धावपट्टीवर उतरणारं अवाढव्य विमान आळसावल्यासारखं वाटतं आणि छोटं विमान भुर्रकन उतरलेलं दिसतं, मग प्रत्यक्षात मोठ्याचा वेग जास्त का असेना. लोकल ही असलीच अवाढव्य वस्तू.

त्यात गाडी समोरून येत असते. आडवी जाणारी गाडी किती भरभर पुढे सरकते ते कळतं. समोरून येणारी फक्त मोठी होत जाते. ताशी 80 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. 400 मीटरवरून 200 मीटरवर यायला तिला नऊ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात डोळ्याला दिसणारा तिचा आकार जेमतेम दुप्पट होतो. लांबवरचा ठिपका थोडा मोठा झाला, इतकंच जाणवतं. पुढच्या नऊ सेकंदांत ती अंगावर आलेली असते. हातात पिशवी आणि कडेवर मूल असलेल्या माणसाला दोन-तीन रूळ पार करायला किती वेळ लागतो, हे ज्याने त्याने मनाशी मोजून पाहावं.

मग या डोळ्याला मदत करता येईल का? मुंबईतच याचं एक उत्तर शोधलं गेलं होतं. 2009-10 च्या सुमारास मध्य रेल्वेने ‘फायनल माइल’ या मानवी वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेबरोबर हार्बर मार्गावर वडाळ्याला तीन साधे उपाय करून पाहिले. रुळांखालचे काही स्लीपर ठरावीक अंतरावर पिवळेधमक रंगवले. एकच लांब भोंगा वाजवण्याऐवजी मध्ये क्षणभर थांबून दोन आखूड भोंगे वाजवायला मोटरमनना सांगितलं, कारण सलग आवाजापेक्षा तुटून पुन्हा सुरू झालेल्या आवाजाने माणूस जास्त सावध होतो. आणि गाडी अंगावर येताना माणसाच्या चेहऱ्यावर उमटणारी भीती दाखवणारे मोठे फोटो लावले.

यातला पहिला उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका. करड्या खडीत करडे स्लीपर असतात तेव्हा डोळ्याला तुलनेसाठी काहीच सापडत नाही. पिवळे पट्टे आले की गाडी ते एकामागोमाग एक गिळत येताना दिसते आणि तिचा वेग डोळ्याला मोजता येतो. रंगाने माणसाला दरडावलं नाही, त्याच्या नजरेला एक फूटपट्टी दिली. वडाळ्याच्या त्या जागेवर मृत्यू बरेच घटल्याचं तेव्हा प्रसिद्ध झालं होतं. तिन्ही उपाय एकत्र केल्यामुळे त्यात रंगाचा वाटा नेमका किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. पण एवढ्या कमी खर्चात एवढी आशा दाखवणारा दुसरा उपाय सहज सापडणार नाही.

यावरचा आक्षेप ठाऊक आहे. रूळ ओलांडणं हा गुन्हा आहे; 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मग गुन्हा करणाऱ्याच्या सोयीसाठी स्लीपर कशाला रंगवायचे? कारण या गुन्ह्याची शिक्षा मृत्यू असावी, असं कायदाही म्हणत नाही. पादचारी पूल, सरकते जिने आणि भक्कम कुंपण यांना रंग हा पर्याय नाहीच, त्यांची मागणी लावून धरलीच पाहिजे. मात्र पुलाला वर्षं लागतात आणि रंगाला एक रात्र पुरते.

स्टेशनवरची कामं होताना रंग हा शेवटी उरलेल्या पैशांतून उरकायचा सजावटीचा भाग समजला जातो. पुलाच्या पायऱ्यांना एकसारखी करडी फरशी बसते आणि संध्याकाळच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसाला पायरीची कड दिसत नाही. फलाटाच्या कडेलगतच्या उंचवट्यांच्या फरशा पिवळ्या असतात, त्या अंधूक दिसणाऱ्यांनाही कड कळावी म्हणून. त्यांवर धूळ आणि पानाच्या पिचकाऱ्या बसल्या की तो रंग असून नसल्यासारखा होतो. रस्त्यावरचे गतिरोधक डांबराच्याच रंगाचे राहिले तर दुचाकीस्वाराला ते आपटल्यावरच कळतात. ही सगळी सुरक्षेची कामं आहेत आणि त्यांची देखभाल सिग्नलसारखीच वेळापत्रक लावून झाली पाहिजे.

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यात रुळांकडे जाणारी वाट जिथे मळलेली दिसते, तिथले स्लीपर रेल्वेने येत्या पावसाळ्यानंतर रंगवावेत. तेल-धूळ बसून रंग मावळतो, म्हणून दर काही महिन्यांनी तो पुन्हा द्यावा. महापालिकांनी आपल्या बाजूचे जिने आणि गतिरोधक त्याच सुमारास हाती घ्यावेत. रुळांवरच्या प्रत्येक मृत्यूची नोंद लोहमार्ग पोलिसांकडे होतच असते. रंग देण्याआधीच्या वर्षाचे आणि नंतरच्या वर्षाचे आकडे ठिकाणांनुसार शेजारी शेजारी मांडून स्टेशनवर लावावेत, म्हणजे पुढच्या वर्षी ब्रश कुठे आधी न्यायचा ते प्रवाशांनाही सांगता येईल.