चौकटीतला एक आणि चौकटीबाहेरचे हजारो

वॉशिंग्टनमधील नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी ही अमेरिकन काँग्रेसने १९६२ साली स्थापन केलेली संस्था. देशाच्या जडणघडणीत ज्यांचा वाटा आहे, अशा स्त्रीपुरुषांची चित्रे जतन करणे हे तिचे कार्य. २०११ साली तिच्या संग्रहात पेद्रो मार्टिनेझ या डॉमिनिकन बेसबॉलपटूचे चित्र दाखल झाले. सुसान मिलर-हेवन्स या चित्रकर्तीने रंगविलेल्या या चित्राला स्पॅनिश शीर्षक आहे. त्याचा अर्थ ‘अभिमान आणि निर्धार’.

या सन्मानास मार्टिनेझ सर्वथैव पात्र आहेत, याविषयी दुमत संभवत नाही. सान्तो दोमिंगोजवळील मानोग्वायाबो या वस्तीत १९७१ साली त्यांचा जन्म झाला. शरीरयष्टी लहानखुरी, म्हणून पहिल्या क्लबने त्यांच्यावर पुरता विश्वास टाकला नाही आणि १९९३ साली त्यांना मॉन्ट्रियलच्या संघाकडे देऊन टाकले. पुढे सर्वोत्तम पिचरला, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाजाला, मिळणारे साय यंग पारितोषिक त्यांनी १९९७, १९९९ व २००० असे तीनदा पटकाविले. बोस्टनच्या संघाने २००४ साली विश्वविजेतेपद जिंकले ते १९१८ नंतर प्रथमच, आणि त्या संघात ते होते. २०१५ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्यांना स्थान मिळाले. हुआन मारिचाल यांच्यानंतर हा मान मिळविणारे ते दुसरेच डॉमिनिकन.

परंतु चित्राची चौकट एका माणसापुरती असते. ज्या व्यवस्थेतून तो माणूस वर आला ती व्यवस्था चौकटीत मावत नाही. तिचा विचार अर्थशास्त्रालाच करावा लागतो.

या देशात बेसबॉल आला तो साखरेचा हात धरून. १८६८ ते १८७८ या काळातील स्वातंत्र्ययुद्धामुळे क्यूबा सोडून आलेल्या लोकांनी ऊसमळे आणि हा खेळ दोन्ही येथे रुजविले. १९१६ ते १९२४ अमेरिकन फौजांनी देश ताब्यात ठेवला. साखरेवरील परकीय भांडवलाची पकड घट्ट झाली. सान पेद्रो दे माकोरिसच्या साखर कारखान्यांभोवती मजुरांचे संघ उभे राहिले आणि ऊसतोडणीसाठी बेटाबेटांतून आणलेल्या मजुरांच्या नातवंडांतून पुढे नामवंत खेळाडू निपजले. साखरेचे दिवस ओसरले. निर्यातीचा साचा मात्र कायम राहिला. माल तेवढा बदलला. पूर्वी कच्ची साखर जात असे, आता कोवळी मुले जातात.

आज अमेरिकेतील सर्व ३० प्रमुख क्लबांच्या अकादमी डॉमिनिकन भूमीवर आहेत. अमेरिकन मुलाला शालान्त शिक्षण पुरे होईपर्यंत करारबद्ध करता येत नाही. डॉमिनिकन मुलाला मात्र १६ व्या वर्षी करता येते. तोवर त्याला घडविण्याचे काम ‘बुस्कोन’ म्हणून ओळखले जाणारे मध्यस्थ करतात आणि कराराच्या रकमेतील मोठा हिस्सा घेतात. बारा-तेरा वर्षांची मुले शाळा सोडून मैदानावर राबतात. त्यांतील बहुसंख्य मोठ्या लीगपर्यंत कधीच पोहोचत नाहीत. विशीच्या आत ‘नापास’ ठरलेल्या या मुलांच्या हाती ना शिक्षण उरते, ना कसब.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. कोणी सक्ती करीत नाही. अकादमीत मुलांना पोटभर अन्न मिळते, देशात डॉलर येतात, आणि प्रमुख लीगमधील दहापैकी सुमारे एक खेळाडू आज डॉमिनिकन आहे. हे सर्व खरे आहे. परंतु ज्याच्यापुढे दुसरी वाटच नाही त्याच्या संमतीला स्वातंत्र्य म्हणणे ही भांडवलशाहीची जुनी हातचलाखी होय. यशाचा नफा क्लबाने घ्यावा आणि अपयशाचा तोटा एखाद्या झोपडीतील आईबापांनी सोसावा, हा व्यवहार न्याय्य कसा ठरतो?

उपाय अशक्यप्राय नाहीत. कनिष्ठ लीगमधील खेळाडूंनी २०२२ साली कामगार संघटनेचा आश्रय घेतला आणि २०२३ साली त्यांचा पहिला सामुदायिक करार झाला. वेतन वाढले, निवासाची सोय झाली. पण डॉमिनिकन समर लीगमध्ये खेळणारी मुले या कराराबाहेर राहिली. संघटनेचे छत्र समुद्रापलीकडे पसरले पाहिजे. करार करण्याचे वय शालेय शिक्षणाशी जोडले पाहिजे. आणि ज्यांना परत पाठविले जाते त्यांच्या शिक्षणाचा खर्च क्लबांवर कायद्याने टाकला पाहिजे. मार्टिनेझ यांनी आपल्या गावातील मुलांच्या शिक्षणासाठी स्वतःची कमाई खर्च केली, हे त्यांना भूषणावह आहे. परंतु जे उद्योगाचे देणे आहे ते एका खेळाडूच्या औदार्यावर सोडणे उद्योगाला भूषणावह नाही.

चित्र भिंतीवर राहावे. त्यापुढे उभे राहणाऱ्याला मानोग्वायाबोच्या इतर मुलांचे काय झाले, हा प्रश्न पडावा. तो प्रश्न जितक्या लोकांना पडेल, तितका त्या ‘अभिमान आणि निर्धार’ या शब्दांचा अर्थ विस्तारेल.