पौलाचे हमीपत्र

ख्रिस्ती घरातले बायबल उघडून पाहिले, तर नव्या करारातल्या २७ पुस्तकांपैकी २१ ही खरे म्हणजे पुस्तके नाहीतच. ती पत्रे आहेत. कुणी तरी कुणाला तरी लिहिलेली, भरवशाच्या माणसाच्या हाती धाडलेली. तरीही आमच्या संडे स्कुलांतून (जुनी माणसे शब्बाथ शाळा म्हणत) बारा-चौदा वर्षांच्या मुलांना ती बहुधा पत्रे म्हणून शिकवली जात नाहीत. एक वचन घ्यायचे, पाठ करायचे, रविवारी घडाघडा म्हणून दाखवायचे आणि बक्षीस घ्यायचे. पाठांतराला माझा विरोध नाही. परंतु घरी आलेल्या पत्रातली मधलीच एक ओळ कापून आपण भिंतीवर चिकटवतो का? शिवाय हे वचनांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत. रोबेर एतियेन नावाच्या एका फ्रेंच मुद्रकाने ते १५५१ साली छापले. तोवर जवळजवळ १५०० वर्षे लोक ही पत्रे आकड्यांवाचूनच वाचत होते.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून हा वर्ग माझ्याकडे आहे. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने आजवर पोस्टकार्ड लिहिलेले नाही. रजिस्टर्ड पोस्टही २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले. त्यामुळे पत्र म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते. त्याला एक सोपी वाट सापडली. आई फोनवर बोलत असते, पलीकडचे आपल्याला ऐकू येत नाही, तरी मावशीकडे काय बिनसले आहे ते आपण बरोबर ओळखतो. करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र असेच वाचायचे. तुम्ही जे लिहून विचारले त्याविषयी, असे पौल मध्येच म्हणतो. करिंथकरांचे ते पत्र मात्र आज उपलब्ध नाही. मुले ते तर्काने जुळवू लागली की तास संपल्याचेही त्यांना कळत नाही. त्याच पत्रात पौल आधी सांगतो, मी क्रिस्प आणि गायस यांच्यावाचून कुणाचा बाप्तिस्मा केला नाही. मग त्याला आठवते, अरे, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला होता. आधीचे वाक्य खोडलेले नाही. बोलून लिहवून घेणारा माणूस तिथे जिवंत दिसतो.

माझी नोकरी सह्या पडताळण्यात गेली, म्हणून मला मौज वाटते ती निराळ्याच जागांची. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात शेवटचा सलाम स्वतःच्या हाताने लिहून, हीच माझ्या प्रत्येक पत्राची खूण, असे पौल बजावतो. हा चक्क नमुना-सहीचा प्रकार झाला! आता गंमत अशी, की हे पत्र पौलाचेच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्याच्या नावाच्या १३ पत्रांपैकी सातांविषयी फारसे दुमत नाही, बाकीच्यांविषयी आहे. हे मुलांना सांगू नये असे काही पालकांना वाटते. मी सांगतो. चौदाव्या वर्षी दडवलेली गोष्ट अठराव्या वर्षी मोबाइलवर सापडते, आणि मग पोर आपल्यावरही विश्वास ठेवत नाही.

पण वर्गाचा खरा कस लागतो तो फिलेमोनाच्या पत्रात. पंचवीस वचनांचे हे पत्र, पौलाच्या पत्रांतले सर्वांत लहान. फिलेमोन हा सधन गृहस्थ, अनेसिम त्याचा गुलाम. अनेसिम धन्यापासून दुरावला, तुरुंगातल्या पौलाला भेटला आणि ख्रिस्ती झाला. पौल त्याला परत पाठवतो, सोबत हे पत्र देतो. अनेसिम या नावाचा अर्थ ‘उपयोगी’. त्यावर पौल कोटीही करतो. पत्र फिलेमोनाला आहे खरे, पण त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून आहे. म्हणजे प्रत माहितीसाठी इतरांना! ते गुपचूप खणात टाकायची सोयच फिलेमोनाला उरली नाही. पुढे पौल स्वतःच्या हाताने लिहून देतो, की याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन. हजारो हमीपत्रे मी पाहिली. जामीन राहताना माणसाचा हात जरा थबकतोच. इथे कैदेतला माणूस एका गुलामाला जामीन राहतो आहे. आणि वर कळवतो, माझ्यासाठी खोली तयार ठेव; म्हणजे तपासणीला येणार.

मुले हसतात, आणि मग एखादी विचारते, “सर, पण पौलाने त्याला परत पाठवलाच कशाला? गुलामगिरी वाईट आहे असे सरळ का नाही लिहिले?”

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी पळालेल्यांना परत धाडण्यासाठी याच पत्राचा आधार घेतला. गुलामगिरीच्या विरोधकांनीही, त्याला गुलाम म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार, या त्यातल्याच विनंतीवर बोट ठेवले. गुलामांची मुक्तता करणाऱ्या त्या देशातल्या लोकांनाच जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली. आणि प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमधली कितीतरी घराणी गावकुसाबाहेरून आलेली आहेत. वेठबिगार हा शब्द त्या मुलांच्या पणजोबांना कोशात शोधावा लागला नव्हता. दासांनो, धन्याचे ऐका, अशा अर्थाचे वचन इफिसकरांच्या पत्रातून सुटे काढून त्यांच्याकडून पाठ करून घेणे मला जमत नाही. ते वाचायचे तर फिलेमोन शेजारी ठेवून, आणि गलतीकरांसही. तिथे दास आणि स्वतंत्र हा भेदच पौल पुसून टाकतो.

मुलींच्या बाबतीतही तेच. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे हे वचन सांगायचे, तर रोमकरांच्या पत्राच्या शेवटी जिची पौल शिफारस करतो ती किंख्रियाची फिबीही सांगावी. ते पत्र तिनेच रोमला पोहोचवले असावे असे मानतात. आणि सबंध बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईही सांगाव्यात. आमच्या भाषेत तरी गप्प राहून हे काम झाले नाही.

फिलेमोनाने काय उत्तर दिले ते कुणाला ठाऊक नाही. चांगदेवाच्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांच्या ६५ ओव्यांचे उत्तर मिळाले. इथे पत्र भरलेले आणि उत्तर कोरे. ते मी मुलांना लिहायला सांगतो. कुणी उदार होऊन गुलामाला मुक्त करतो, कुणी आधी नुकसानीचा हिशेब मागतो. यंदा एका मुलीने फिलेमोनाचे उत्तर लिहिलेच नाही. तिने अनेसिमाचे पत्र लिहिले. तुम्ही दोघे एकमेकांना माझ्याविषयी लिहिता, परत जायचे का असे मला कुणी विचारले, असे त्यात होते.

पाळकसाहेबांनी ते दोनदा वाचले आणि रविवारी उपासनेत वाचून दाखवू का, असे तिला विचारले. ती नको म्हणाली. पत्र फिलेमोनाला आहे, आधी त्याला मिळू दे, असे तिचे म्हणणे.