समुद्र कुणाचा ते ठरेना, मग त्यातला कचरा कुणाचा?

२०२५ मध्ये महिन्याभराच्या अंतराने दोन बातम्या आल्या. ऑगस्टमध्ये जिनिव्हात प्लास्टिक प्रदूषणावरच्या जागतिक कराराची बोलणी काहीच न ठरता संपली. सप्टेंबरमध्ये चीनने दक्षिण चीन समुद्रातल्या स्कारबरो शोल या उथळ प्रवाळ बेटावर ‘राष्ट्रीय निसर्ग अभयारण्य’ जाहीर केलं आणि फिलिपिन्सने लगेच निषेध नोंदवला. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही असं वाटेल. मला मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो. ज्या पाण्याचा मालकच ठरलेला नाही, ते साफ कुणी ठेवायचं?

आधी नियम समजून घेऊ

१९८२च्या सागरी कायद्यानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचा समुद्र त्या देशाचा. २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, त्याचं विशेष आर्थिक क्षेत्र. तिथले मासे, तेल, वायू यांवर हक्क त्या देशाचा. स्कारबरो शोल फिलिपिन्सच्या लुझोन बेटापासून साधारण २२० किलोमीटरवर आहे. पण चीन जवळपास सगळ्या दक्षिण चीन समुद्रावर दावा सांगतो आणि २०१२ पासून या शोलवर ताबा त्याचाच आहे. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने चीनचा ‘ऐतिहासिक हक्का’चा दावा फेटाळला. प्रवाळांचं नुकसान करून चीनने पर्यावरणाची जबाबदारी मोडली, असंही म्हटलं. चीनने तो निकाल मानला नाही.

प्लास्टिकला यातली कुठलीच रेघ दिसत नाही. या समुद्राचे पृष्ठप्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा बदलतात. उन्हाळ्यात एका बाजूला वाहणारी पिशवी हिवाळ्यात उलट फिरू शकते. ती कुठल्या देशातून आली आणि कुठल्या देशाच्या प्रवाळांत अडकली, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.

साफसफाई म्हणजे मालकी?

खरी गोची इथे आहे. वादग्रस्त जागी एखाद्या सरकारने काहीही केलं, दिवा लावला, नियम केला, कचरा उचलला, तर तो पुढे ‘बघा, इथला कारभार आम्हीच चालवतो’ याचा पुरावा म्हणून वापरता येतो. म्हणून तर अभयारण्यासारख्या चांगल्या वाटणाऱ्या घोषणेवरही फिलिपिन्सला निषेध नोंदवावा लागला. गप्प बसणं म्हणजे मान्यता, असा अर्थ निघू शकतो. परिणाम काय, तर प्रत्येक देश दुसऱ्याच्या झाडूकडेही संशयाने बघतो.

इथे संस्था काय करतात?

सरकारी झेंडा नसलेल्या संस्थांना थोडी मोकळीक असते, आणि त्यांचं सगळ्यात मोठं हत्यार झाडू नसून मोजणी आहे. ‘ओशन कन्झर्व्हन्सी’ ही अमेरिकी संस्था १९८६ पासून किनारा-सफाईचा आंतरराष्ट्रीय उपक्रम चालवते. तिच्या ‘क्लीन स्वेल’ अ‍ॅपमध्ये स्वयंसेवक बाटली, झाकण, जाळ्याचा तुकडा अशी एकेक वस्तू टॅप करून नोंदवतात आणि ती नोंद जागतिक डेटाबेसमध्ये जाते. फिलिपिन्समध्ये २०१७ ला ग्रीनपीस आणि ‘ब्रेक फ्री फ्रॉम प्लास्टिक’ चळवळीतल्या संस्थांनी मनिला उपसागरातल्या फ्रीडम आयलंडवर कचरा गोळा केला आणि पाकिटावरच्या ब्रँडनुसार मोजला. नेस्ले आणि युनिलिव्हर यादीत सगळ्यात वर निघाले. २०२२ मध्ये तिथे कायदा आला. मोठ्या कंपन्यांनी आपल्या प्लास्टिक पॅकेजिंगपैकी २०२३ अखेर २० टक्के आणि २०२८ पर्यंत ८० टक्के परत गोळा करायचं. हा कायदा फक्त त्या मोजणीमुळे आला असं नाही, पण ‘कचरा लोक करतात’ या सबबीला त्या आकड्यांनी सुरुंग लावला.

‘द ओशन क्लीनअप’ या डच संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के हजाराहून जास्त नद्यांतून येतं. देशांच्या यादीत फिलिपिन्स पहिला होता. दुसरा भारत, तेव्हा आपण फक्त लांबून बघणारे नाही.

संस्था म्हणजे तटस्थ, असंही नाही

मे २०२४ मध्ये ‘अतिन इतो’ या फिलिपिनी नागरी आघाडीच्या बोटी मच्छीमारांसाठी सामान घेऊन स्कारबरोकडे निघाल्या. त्या शोलपर्यंत पोचल्या नाहीत. वाटेत त्यांनी खुणेचे तरंगते बोये सोडले. ‘अतिन इतो’चा अर्थ ‘हे आपलं आहे’. मच्छीमारांची अडचण खरीच होती, पण त्या मोहिमेत झेंडाही होता. म्हणजे बिगरसरकारी असणं पुरेसं नाही. डेटा कुणाच्या नावाने आणि कशासाठी गोळा होतोय, तेही बघावं लागतं.

मग वाट कुठली?

मुत्सद्देगिरीत एक सोय आहे आणि ती मला फार आवडते. सागरी कायद्याचं कलम ७४ सांगतं की सीमा ठरेपर्यंत देशांनी तात्पुरत्या, व्यवहार्य व्यवस्था कराव्यात आणि त्यामुळे अंतिम दाव्याला बाधा येणार नाही. थोडक्यात, भांडण ‘पॉज’ करून काम सुरू ठेवा. हे नुसतं कागदावर नाही. फिलिपिन्स आणि व्हिएतनाम दोघेही स्प्रॅटली बेटांवर दावा सांगतात, तरी १९९६ ते २००७ दरम्यान दोघांच्या शास्त्रज्ञांनी त्याच समुद्रात चार संयुक्त मोहिमा केल्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. दोन टीमचं पटत नसेल तर आधी त्यांच्यात डेटाचा फॉरमॅट ठरवतात, मालकीचा वाद नंतर. कचऱ्याचंही तसंच करता येईल. सगळ्या देशांतल्या संस्थांनी आपापल्या किनाऱ्यावर, एकाच यादीप्रमाणे मोजायचं आणि आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवायचे. वादग्रस्त प्रवाळांवर पाऊल न ठेवताही कचऱ्याचा उगम शोधता येतो, कारण तो बहुतेक नदीच्या मुखाशी सापडतो, आणि नदीच्या मुखावर कुणाचा वाद नाही.

याने जिनिव्हातल्या फसलेल्या कराराची जागा भरून निघणार नाही. प्लास्टिकचं उत्पादन किती करायचं हे सरकारांनाच ठरवावं लागेल. पण पुढच्या वेळी एखाद्या देशाने समुद्रात ‘संरक्षण’ जाहीर केल्याची बातमी फोनवर आली, तर शेअर करण्याआधी एवढं बघा : तिथल्या कचऱ्याचे आणि प्रवाळांचे आकडे शेजारच्या देशांनाही मिळणार आहेत का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते अभयारण्य कमी आणि कुंपण जास्त आहे.