पाडव्याचं पान आणि पहिली पंगत



चैत्र जवळ आला की बडोद्यातल्या मराठी घरांत दोन प्रश्न निघतात. गुढीची काठी माळ्यावरून कोण काढणार आणि रजा मिळणार का? गुजराती नवं वर्ष दिवाळीनंतर कार्तिकात सुरू होतं, त्यामुळे आपल्या पाडव्याला इथे अनेकांचं ऑफिस चालूच असतं. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलगी शाळेत, आईची साठी उलटलेली. अशा घरात सणाचा स्वयंपाक करायचा तरी कोणी?

आमच्याकडे वर्षानुवर्षं उत्तर एकच होतं : आई. पहाटे पाचला ती ओट्यापाशी उभी राहायची, एक वाजता सगळ्यांना वाढायची आणि स्वतः तीनला गार पुऱ्या घेऊन जेवायला बसायची. तीन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा तीच म्हणाली, "यंदा थाळ्या मागवूया बाहेरून." थाळ्यांना नावं ठेवायची नाहीत, पण घरातला एखादा स्वयंपाक एकदा थांबला की सहसा परत सुरू होत नाही. म्हणून आम्ही पानातले पदार्थ कमी केले आणि कामं वाटून घेतली. ठरवताना प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारला : यातलं आदल्या दिवशी काय उरकतं?

श्रीखंड जवळजवळ सगळंच उरकतं. आमच्याकडे आठ माणसांना तीन लिटर म्हशीच्या दुधाचं दही लागतं. ते फडक्यात बांधून चाळणीत ठेवायचं, खाली पातेलं आणि सगळं फ्रिजमध्ये. चैत्रातल्या उन्हाळ्यात बाहेर टांगलं तर चक्का आंबट होतो. एक किलो चक्क्याला आम्ही पाऊण किलो साखर घेतो. दोन्ही कालवून तासभर ठेवायचं, साखर विरघळली की पुरणयंत्रातून काढायचं. मग कोमट दुधात भिजवलेलं केशर, वेलची, जायफळ आणि चारोळी. कोपऱ्यावरच्या डेअरीत मठो मिळतो, चवीला छानच असतो, पण तो पातळ. पुरीवर उभं राहतं ते घरचं श्रीखंड. हे खातं बायकोकडे.

बटाटे मुलगी आणि बाबा मिळून सोलतात. बटाटे रात्रीच उकडून ठेवले तर सकाळी फोडी स्वच्छ पडतात, भाजीचा लगदा होत नाही. नैवेद्याची भाजी म्हणून कांदा नाही. मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि वरून कोथिंबीर-खोबरं. दहा मिनिटांचं काम.

कैरीची डाळ माझी. एक वाटी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळू द्यायचं आणि मिरचीबरोबर भरड वाटायची. वाटताना पाणी घातलं तर तिचं पिठलं होतं. त्यात अर्धी वाटी किसलेली कैरी, मीठ, चिमूटभर साखर, ओलं खोबरं. फोडणी गार करूनच ओतायची. कैरी आणायची खंडेराव मार्केटमधून. सयाजीरावांच्या काळात, 1906 साली बांधलेल्या त्या इमारतीत आजही भाजी घेताना बरं वाटतं. मात्र तिथे 'काची केरी' म्हणा, कारण नुसती 'केरी' म्हणजे गुजरातीत आंबा. तसंच कडुलिंबाचं. भाजीवाल्याकडे 'लीमडो' मागितला तर कढीपत्ता हातात येतो. सकाळच्या कडुलिंब, गूळ, ओवा, हिंगाच्या गोळीसाठी 'कडवो लीमडो' हवा!

मसालेभाताला आयत्या वेळी अर्धा तास लागतो, पण तोंडली चिरणं आणि खोबरं खवणं रात्रीच होतं. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवायचे, तुपावर तोंडल्यांबरोबर परतायचे, गोडा मसाला घालायचा आणि दुप्पट उकळतं पाणी. हे बहिणीकडे. ती सकाळीच अहमदाबादहून येते. जोडीला काकडीची कोशिंबीर, वाढायच्या आधी कालवलेली, नाहीतर तिला पाणी सुटतं.

राहिल्या पुऱ्या. खरी अडचण इथेच आहे. पुरी गरमच हवी, म्हणजे कोणीतरी कढईशी उभं राहणार आणि त्या माणसाचं जेवण मागे पडणार. आमच्या कामात ज्या पायरीपाशी सगळं अडतं तिथे एकाच माणसावर भार ठेवत नाहीत. तोच नियम इथे लावला. कणीक थोडा रवा घालून घट्ट भिजवायची, अर्धा तास झाकायची, तेलाच्या बोटावर लाटायची, कारण पिठी लावली तर ती तेलात जळते. पहिल्या पंगतीला मी तळतो आणि मेहुणे वाढतात, दुसऱ्या पंगतीला बायको आणि बहीण. आई आणि बाबा पहिल्या पंगतीला बसतात. यावर चर्चा नाही.

आणखी एक काम आम्ही केलं, तेही करून पाहा. आईचं माप म्हणजे मूठ आणि अंदाज. पहिल्या वर्षी ती खुर्चीत बसून हातानं घालत गेली आणि प्रत्येक वेळी मी खाली वजनकाटा धरला. तिची एक मूठ डाळ 45 ग्रॅम भरली. आता सगळी मापं घरच्या ग्रुपवर आहेत, वर पिन करून. फक्त मिठापुढे 'आईला विचारा' असं लिहिलंय. तिनं ते मुद्दाम लिहायला लावलं.

तुमच्या पानात कदाचित पुरणपोळी असेल, बासुंदी असेल. पदार्थ तुमचे तुम्ही ठरवा. पण यादी करताना प्रत्येकापुढे एक नाव लिहा, आणि पाचही पदार्थांपुढे एकच नाव आलं तर यादी पुन्हा करा.

गेल्या पाडव्याला पहिल्या पंगतीत दुसरी पुरी मोडता मोडता आईनं स्वयंपाकघराकडे पाहून आवाज दिला, "तेल तापलंय जास्त, आच कमी कर जरा!" मी आच कमी केली. तिनं आणखी दोन मागितल्या.