ग्रंथपालाने डिजिटल मानव्यविद्या कशाला शिकायची? महाड-पोलादपूरकडे पाहून काही विचार



समजा, आपली एखादी माजी विद्यार्थिनी बी.लिब., एम.लिब. करून तालुक्याच्या वाचनालयात किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आहे. एक दिवस ती घरी म्हणते, "मला डिजिटल ह्युमॅनिटीजमध्ये पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आहे." बहुतेक घरांत लगेच दोन प्रश्न येतील. हे काय असतं? आणि याने नोकरी लागते का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. माझं मत आधीच सांगतो. तिला शिकू द्यावं, पण अभ्यासक्रम नीट पारखून. असं शिकलेलं एक तरी माणूस महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांत असणं ही चैन नाही, गरज आहे. का, ते पाहू.

हा विषय नेमका काय आहे?

इतिहास, भाषा, साहित्य, समाज, कला यांच्या अभ्यासाला आपण मानव्यविद्या म्हणतो. या अभ्यासात संगणक नुसता टाइप करायला न वापरता शोधायला, तुलना करायला, नकाशावर मांडायला वापरला की ती झाली डिजिटल मानव्यविद्या. पुष्कळ जणांना वाटतं, जुनं पुस्तक स्कॅन करून पीडीएफ बनवली की काम झालं. तसं नाही. स्कॅन म्हणजे कपाटातलं पुस्तक बाहेर काढून टेबलावर ठेवणं. वाचायचं अजून बाकीच असतं.

या विद्येची सुरुवात सांगताना इटलीच्या रोबेर्तो बुसा या धर्मगुरूंचं नाव घेतात. त्यांनी १९४९ मध्ये आयबीएम कंपनीच्या मदतीने संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनाची शब्दसूची करायला घेतली. पण सूची करण्याची चिकाटी आपल्याकडेही होतीच. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली, तीही संगणकाशिवाय. आज मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येतो. वर्गात एखादा जुना शब्द अडला की आपल्यातले कितीतरी शिक्षक तो उघडतात. त्यामागे कोणीतरी प्रत्येक नोंद सुटी केली, तिला खुणा केल्या, म्हणून तर ते जमतं. हे काम मुळात ग्रंथपालाच्या स्वभावाचं आहे.

चवदार तळ्याचं उदाहरण घ्या

दहावीच्या मुलांना आपण प्रकल्प दिला, 'चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची मूळ कागदपत्रं शोधा.' घटनाक्रम आपल्याला माहीत आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तळं खुलं असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्याचं पाणी प्राशन केलं. त्याच वर्षी ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झालं आणि २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं. कोर्टातला वाद पुढे दहा वर्षं चालला आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

आता मुलं शोधायला बसली. त्यांनी 'रायगड जिल्हा' असं टाकलं. त्या काळच्या कागदात ते सापडणारच नाही, कारण तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळालं. मग त्यांनी 'तळे', 'गाव', 'काही' असे शब्द टाकले. जुन्या छपाईत मात्र 'तळें', 'गांव', 'कांहीं' असं असतं, कारण हे जादा अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर गेले. शिवाय संगणक जुनं छापील पान वाचताना 'ख' चा 'रव' करतो, 'भ' चा 'म' करतो. मुलं म्हणणार, "सर, काहीच नाहीये." कागद असतो, पण सापडत नाही. आणि जे सापडत नाही, ते नव्या पिढीच्या दृष्टीने नसतंच.

जुनं नाव आणि नवं नाव जोडून ठेवणं, एकाच शब्दाची वेगवेगळी रूपं एका नोंदीखाली आणणं, वाचनातल्या चुका दुरुस्त करणं, हे सगळं डिजिटल मानव्यविद्येत शिकवतात. ग्रंथपालाला तालिकीकरण येत असतं, म्हणून त्याला हे इतरांपेक्षा लवकर उमगतं. वाचकाचा वेळ वाचवणं हे रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी एक सूत्र आहे. त्याचाच हा पुढचा धडा समजा.

पाणी, डोंगर आणि कागद

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं नेली. त्याआधी २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच सोसलं होतं. जीव गेले, त्यापुढे कागदाचं काय, असं कोणी म्हणेल. ते खरंच आहे. पण माणूस परत उभा राहताना त्याला कागदच लागतो. सातबारा, शाळेचा दाखला, घरपट्टीची पावती. आणि गावाला लागते ती आठवण. कोणत्या वर्षी पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं? डोंगराला भेग आधी कोणी पाहिली होती? जुनी वर्तमानपत्रं, ग्रामपंचायतीच्या नोंदी, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती आणि आपल्या मोबाइलमधले व्हिडिओ एका नकाशावर आणले, तर ती नुसती आठवण राहत नाही. पुढचं घर कुठे बांधायचं, याचा तो पुरावा होतो. मोबाइल बदलला की व्हिडिओ गेला. मग हे गोळा कोण करणार?

मोडीचंही तसंच. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ मध्ये जागा मिळाली. म्हणजे संगणकाची अडचण बरीच सुटली, वाचणाऱ्याची सुटली नाही. २०२३ मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जुनी जनरल रजिस्टरं बाहेर आली आणि मोडी जाणणारी माणसं शोधत फिरावं लागलं. त्या वादात तुमचं मत काहीही असो. शंभर वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर किती काही अवलंबून असू शकतं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

आक्षेप आहेत, ते टाळू नयेत

पहिला आक्षेप पगाराचा. सार्वजनिक ग्रंथालयातले कर्मचारी अनुदानावर अवलंबून असतात आणि त्यांच्या हातात फार थोडं पडतं. नवी पदवी घेतली म्हणून ते आपोआप वाढणार नाही. त्यामुळे कर्ज काढून, नोकरी सोडून हा अभ्यासक्रम करा, असं मी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप असा, की आता एआय सगळं करेल, माणूस कशाला? एआय पान वाचेल, पण चुकीचं वाचलं तर ते ओळखणार कोण? वाडीचं नाव, आडनाव, नदीचा कोंड हे सगळं आपल्याच माणसाला कळतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सगळंच नेटवर टाकावं का? जनरल रजिस्टरमध्ये जात असते, वडिलांचं नाव असतं. दरडीत घर गेलेल्या बाईची मुलाखत तिच्या परवानगीशिवाय जगासमोर ठेवायची नाही. काय उघडं ठेवावं आणि काय बंद, हा विवेक ज्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत, तो अर्धाच आहे.

मग पारखायचं कसं?

देशात असे अभ्यासक्रम आहेत. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने हा विषय पदव्युत्तर पदविका म्हणून शिकवला. रवींद्रनाथ ठाकुरांची हस्तलिखितं आणि छापील आवृत्त्या यांची लाखाहून अधिक पानं 'बिचित्रा' या संकेतस्थळावर २०१३ मध्ये आली, तीही तिथलीच. एकाच कवितेचे वेगवेगळे पाठ तिथे शेजारी ठेवून पाहता येतात. आयआयटी जोधपूरमध्येही पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पण पोलादपूरच्या ग्रंथपालाला घर, नोकरी सोडून दोन वर्षं जोधपूरला राहणं किती जणांना जमेल?

प्रवेश घेण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. मराठी मजकुरावर काम करायला मिळतं का? मोफत मिळणारी साधनं शिकवतात का? प्रकल्प स्वतःच्या ग्रंथालयातल्या संग्रहावर करता येतो का? आणि हक्क, परवानगी, खासगीपणा यांवर वेगळा पेपर आहे का? चारही उत्तरं 'नाही' असतील, तर ती फक्त नवी पाटी लावलेली जुनी पदवी आहे.

खरी मागणी आपल्या विद्यापीठांकडे करायला हवी. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने ग्रंथालयशास्त्र दूरशिक्षणाने खेड्यापाड्यात पोहोचवलं. तसाच डिजिटल मानव्यविद्येचा एक वर्षाचा मराठी माध्यमातला अभ्यासक्रम काम करणाऱ्या ग्रंथपालांसाठी का निघू नये? मोडी, नकाशे, मुलाखती आणि मजकुराच्या खुणा एवढे चार विषय नीट शिकवले, तरी पुष्कळ झालं.

तोवर आपण थांबायला नको. शाळेतल्या जुन्या हस्तलिखित अंकांची, स्मरणिकांची, जुन्या फोटोंची यादी करा. फोटोमागे नाव, गाव आणि साल पेन्सिलीने लिहा. मुलांना आजी-आजोबांशी बोलायला लावा, परवानगी घेऊन आवाज जपून ठेवा. प्रत एकाच ठिकाणी नको, एक तरी पाण्याच्या पातळीपासून दूर असू द्या.

२० मार्च २०२७ ही चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची शताब्दी. त्या निमित्ताने जगभरातले अभ्यासक महाडबद्दल लिहितील. त्यांना कागद दाखवणारं, तो नीट वाचून सांगणारं माणूस महाडचंच असावं, असं मला वाटतं. तुमच्या घरात असं शिकू पाहणारं कोणी असेल, तर "याचा उपयोग काय?" हा प्रश्न जरूर विचारा. फक्त त्याचं पूर्ण उत्तर ऐकून घ्या.