दवंडी सगळ्या गावाला ऐकू जायची, वेबसाइटचे काय?

ग्रामसभेची दवंडी पिटली की ती सगळ्या गावाला ऐकू जायची. ज्याला अक्षरओळख नाही त्याला, ज्याची दृष्टी गेली आहे त्याला, गोठ्यात धारा काढत बसलेल्या माउलीलाही. आता दवंडीच्या जोडीला ग्रामपंचायती वेबसाइट काढू लागल्या आहेत. 2025 च्या सुरुवातीला राज्य सरकारने कार्यालयांसाठी 100 दिवसांचा कृती आराखडा हाती घेतला, त्यात संकेतस्थळ सुधारण्याचा मुद्दा होता. ते लोण आता जिल्ह्यातून गावापर्यंत आले आहे. चांगलेच आहे. पण वाचकहो, एक करून बघा. आपल्या गावाची वेबसाइट मोबाइलवर उघडा आणि डोळे मिटून वापरा.

थट्टा नाही ही. अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘टॉकबॅक’ नावाची सोय असते. ती चालू केली की बोटाखाली जे येईल ते मोबाइल बोलून दाखवतो. (बंद कशी करायची हे आधी घरातल्या पोराकडून समजून घ्या, नाहीतर एका टिचकीत काहीच उघडत नाही आणि माणूस गांगरतो.) संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ नावाची प्रणाली आहे, तीही फुकट. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी ती घडवली. यांच्या आधारावर अंध मुले-मुली आज परीक्षा देतात, बँकेत नोकऱ्या करतात.

तर टॉकबॅक लावून ग्रामसभेच्या नोटिशीवर बोट ठेवा. पुष्कळदा एवढेच ऐकू येईल : ‘इमेज’. पुढे पुन्हा ‘इमेज’. मग ‘बटन’. कसले बटन, देव जाणे. नोटिशीत काय आहे, सभा कधी आहे, दिव्यांगांच्या 5 टक्के निधीसाठी अर्ज कधीपर्यंत द्यायचा, यातले अक्षर कानावर पडत नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात हे आपल्याला माहीत आहे. त्या निधीची सूचना ज्याच्यासाठी आहे, नेमकी त्यालाच वाचता येत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजारांवर दिव्यांग नोंदले गेले होते. शिवाय मोतीबिंदू झालेले म्हातारे आणि भर उन्हात बांधावर उभे राहून फिकट करडी अक्षरे वाचू पाहणारे तुम्ही-आम्ही या मोजणीत नाहीच.

हे होते कसे? नोटीस आधी संगणकावर टाइप होते. मग तिची छापील प्रत निघते, सही-शिक्का होतो आणि कागद पुन्हा स्कॅन करून वेबसाइटवर चढतो. म्हणजे मजकूर तयार होता, तो आपणच फोटोत गाडला. फोटोतली अक्षरे डोळ्यांना दिसतात, पण मोबाइलच्या लेखी ती नुसती चित्रे. भाऊसाहेब म्हणतील, सहीशिवाय नोटीस कशी टाकू? (हल्ली पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले, गावाच्या तोंडी भाऊसाहेबच आहे.) सहीची प्रत जरूर टाका. फक्त तिच्या वर तोच मजकूर अक्षरांत चिकटवा. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी मेख टंकाची, म्हणजे फॉन्टची. इथे पुणे शहराचा संबंध येतो. जमाबंदी आयुक्त तिथे, कृषी आयुक्त तिथे, म्हणून पुण्याच्या वाऱ्या आपल्याला नव्या नाहीत. पण संगणकावरची मराठीही बरीचशी पुण्यातच घडली. 1988 साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी मोठे काम केले. मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी पुण्याचीच. तिने वर्तमानपत्रांचे आणि कचेऱ्यांचे संसार चालवले. त्या काळाचे ते उपकारच म्हणायचे. परंतु त्या जुन्या टंकांत संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरे-चिन्हे साठतात, मराठी रूप फक्त वरवर दिसते. अशी फाइल वाचून दाखवणाऱ्या यंत्रापुढे ठेवली की ते इंग्रजी अक्षरांची निरर्थक बडबड करते. युनिकोडमध्ये तसे होत नाही, आणि तुमच्या मोबाइलवर तुम्ही लिहिता ते युनिकोडच. कचेरीत अजून जुन्या टंकात टायपिंग होत असेल तर ते आजपासून थांबवा.

आता ठेकेदाराची गोष्ट. वेबसाइट म्हणजे हल्ली कोणी विटा भाजून घर बांधत नाही. तयार साचा मिळतो. वर्डप्रेस हा 2003 साली निघालेला साचा जगातल्या 40 टक्क्यांहून अधिक वेबसाइटांना पुरतो. केंद्र सरकारच्या एनआयसीनेही सरकारी कार्यालयांसाठी ‘एस-थ्री-वास’ हा सुगम साचा केला आहे आणि पुणे जिल्ह्याची वेबसाइट त्यावरच उभी आहे. साच्यात मजकूर भरायला संगणकाचा इंजिनियर लागत नाही, सेवा केंद्रातला केंद्रचालकही भरतो. साच्याचे सुख तेच आणि खोटही तीच. ठेकेदार वरच्या कोपऱ्यात अक्षरे लहान-मोठी करण्याची दोन बटने लावून देतो आणि सांगतो, सरपंचसाहेब, तुमची साइट नियमात बसली. बिल निघते. साचा निर्दोष असला तरी दुसऱ्या दिवशी त्यात स्कॅन केलेला कागद पडला की नियम तिथेच मोडला. नवे कोरे भांडे आणून त्यात नासके दूध ओतण्यासारखे आहे हे.

चित्र चढवताना साच्यात ‘पर्यायी मजकूर’ म्हणून एक रिकामी चौकट येते. तिथे ‘पाणीपुरवठा विहिरीचे भूमिपूजन’ एवढे लिहिले तरी अंध माणसाला चित्र कळते. ती चौकट बहुधा कोरी राहते. कोणी सांगितलेलेच नसते.

नियम म्हणाल तर भरपूर आहेत. सरकारी वेबसाइटांची मार्गदर्शक तत्त्वे 2009 साली आली, तिसरी आवृत्ती 2023 मध्ये. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्याच्या व्याख्येत स्थानिक प्राधिकरण येते, म्हणजे ग्रामपंचायत सुटलेली नाही. कलम 89 खाली पहिल्या उल्लंघनाला 10 हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्याला 50 हजार ते 5 लाख. मात्र नियमावलीची भाषा ‘केले तर बरे’ अशी मऊ होती. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात तो नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान निकष तीन महिन्यांत करा असे केंद्राला बजावले. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, म्हणजे आपल्या खेड तालुक्यातल्या कनेरसरचे घराणे. पुढे 30 एप्रिल 2025 च्या निकालात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले.

दंडाची भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही. दंड झाला तरी पैसा शेवटी गावाचाच जाणार. पण येत्या ग्रामसभेत कोणीतरी उठून विचारावे की ठेकेदाराचे शेवटचे बिल काढण्यापूर्वी ही साइट एखाद्या अंध माणसाच्या हातात देऊन पाहिली का? गावात नसेल तर शेजारच्या गावात असेल. त्याला चहा पाजा, प्रवासखर्च द्या आणि म्हणा, आमच्या साइटवरून घरपट्टीची नोटीस शोधून दाखव बाबा. तो जिथे अडेल ते लिहून घ्या आणि ठेकेदारापुढे ठेवा. सरपंच, भाऊसाहेब दाद देत नसतील, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे. कायद्याने तक्रार ऐकण्याचा अधिकार त्यांना दिलेला आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो, सोबत वेबसाइटचा पत्ता आणि कुठे अडले ते लिहा.